पडद्याआधीचे फाळके

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि धुंडिराज गोविंद फाळके हे नाव इतिहासात गेले. त्या दिवशी त्यांनी त्रेचाळिसावे वर्ष नुकतेच पूर्ण केले होते. त्याआधीचा काळ चरित्रलेखनात बहुधा दोन-तीन परिच्छेदांत आटोपला जातो. चित्रकला शिकले, छायाचित्रे काढली, जादूचे प्रयोग केले, छापखाना चालवला, अशी एक यादी दिली जाते आणि वाचकाला चटकन ख्रिस्ताच्या चित्रपटाकडे नेले जाते. वस्तुतः या यादीतला छापखाना हा फाळक्यांच्या आयुष्याचा मोठा भाग होता. चित्रकाराच्या हातून उतरलेले चित्र छपाईच्या यंत्राला समजेल अशा रूपात आणून देणे, हा त्यांचा व्यवसाय होता. त्यात ते निष्णात होते, त्यात त्यांनी नाव मिळवले आणि त्यातूनच ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले.

त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. वडील गोविंद सदाशिव, म्हणजे दाजीशास्त्री, संस्कृतचे पंडित. मुलानेही वेदविद्येच्या वाटेने जावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु दाजीशास्त्री अध्यापनासाठी मुंबईला आले आणि मुलाचे लक्ष चित्रांकडे गेले. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. तेथील अभ्यासक्रम पुरा करून तो थोरल्या बंधूंबरोबर, शिवरामपंतांबरोबर, बडोद्यास गेला. सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले होते. कला आणि कारागिरी यांची फारकत करायची नाही, हा त्या संस्थेचा विशेष. तेथे चित्रकलेबरोबर रंगाई, सुतारकाम, यंत्रविद्या असे विषय शिकवले जात. संस्थेचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला चापेकर बंधूंनी डांबर फासले, तेव्हा तो डाग ज्यांच्या रसायनाने निघाला तेच हे गज्जर. चित्रकाराला रसायनशास्त्रज्ञ गुरू लाभावा, ही फाळक्यांच्या बाबतीत फार मोलाची गोष्ट ठरली.

कलाभवनात फाळक्यांनी तैलरंग आणि जलरंग हाताळले, आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती करून १८९२ च्या अहमदाबाद प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रतिकृतीवर खूश होऊन एका चाहत्याने त्यांना कॅमेरा भेट दिला, असे सांगतात. मात्र त्यांच्या पुढील आयुष्याला वळण देणारे शिक्षण निराळे होते. हाफटोन ब्लॉक, फोटो-लिथो आणि तिरंगी छायाचित्रण यांचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम त्यांनी पुरा केला. त्यांचा हात आणि आवड ओळखून गज्जरांनी त्यांना रतलामला बाबूलाल वरूवाळकर यांच्याकडे पाठवले. तिरंगी ब्लॉक कसे करावेत, दगडावर उतरवण्याची ट्रान्सफर कशी तयार करावी, अंधाऱ्या खोलीतील कामे कशी साधावीत, हे सारे फाळके तेथे शिकले. परतल्यावर १८९३ मध्ये कलाभवनाचा फोटो स्टुडिओ वापरण्याची मुभा गज्जरांनी त्यांना दिली आणि फाळक्यांनी आपल्या नावाने एनग्रेव्हिंग आणि फोटो-छपाईचे काम सुरू केले. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते.

या विद्येचे मर्म समजून घेतल्याखेरीज फाळक्यांचे मोठेपण ध्यानात येत नाही. चित्रकार एका रंगाच्या शंभर छटा देऊ शकतो. छपाईचे यंत्र तसे करू शकत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: कागदावर शाई लागली किंवा नाही लागली. करडा रंग यंत्राला माहीत नसतो. म्हणून मूळ चित्राचे छायाचित्र बारीक रेघोट्यांच्या काचेच्या जाळीतून घ्यावे लागे. जाळीमुळे चित्राचे ठिपके होत. गडद भागात ठिपके मोठे, फिक्या भागात लहान. हे ठिपके जस्ताच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर उतरवून, मधला धातू आम्लाने खाऊन टाकला की हाफटोन ब्लॉक तयार होई. डोळा ठिपके पाहत नाही, त्याला छटाच दिसते. खरबरीत वृत्तपत्री कागदाला जाड जाळी लागते, गुळगुळीत आर्ट पेपरला बारीक चालते. कापडावर तर आणखी जाड घ्यावी लागते. जाळी चुकली की ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहऱ्याच्या जागी काजळाचा डाग उमटतो. आम्लात पत्रा क्षणभर अधिक राहिला तर नाजूक ठिपके गळून पडतात आणि गाल पांढरे होतात. यंत्र नंतर येते. खरी हार-जीत ब्लॉक करणाऱ्याच्या टेबलावर आधीच झालेली असते.

रंगीत चित्राचे काम याहून बिकट. एकाच चित्राची तीन वेळा, तीन वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून छायाचित्रे घ्यायची. त्यांचे तीन ब्लॉक करायचे. ते पिवळ्या, लाल आणि निळ्या शाईत एकावर एक छापायचे. प्रत्येक ब्लॉकची जाळी वेगळ्या कोनात फिरवावी लागते, नाहीतर जाळीवर जाळी पडून चित्रात भलतीच नक्षी उमटते. शिवाय तिन्ही ब्लॉक केसाच्या अंतराचाही फरक न पडता जुळले पाहिजेत. लाल ब्लॉक किंचित सरकला की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर जातो.

शंभर-सव्वाशे वर्षांनंतरही या कामाचे व्याकरण बदललेले नाही. नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीसाठी एखाद्या मंडळाने टी-शर्ट छापून घ्यायचे ठरवले, की कार्यकर्ते मोबाइलवरचे चित्र घेऊन स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे जातात. चित्र कितीही झकास असो, कारागीर पहिला प्रश्न विचारतो तो रंग किती, हा. कारण जितके रंग तितक्या फिल्मा आणि तितक्याच जाळीच्या चौकटी. प्रत्येक रंगाचा भाग वेगळा काढून तो फिल्मवर दाट काळ्यात उतरवायचा, कोपऱ्यांत जुळणीच्या फुल्या मारायच्या, दोन रंगांच्या सीमेवर एक रंग दुसऱ्याखाली किंचित सरकवून ठेवायचा म्हणजे मधून कापड डोकावत नाही. मग चौकटीवरच्या कापडाला प्रकाशाने घट्ट होणारा लेप द्यायचा. फिल्ममधून प्रकाश जेथे पोहोचतो तेथे लेप कडक होतो, काळ्या भागाखालचा पाण्याने धुऊन जातो आणि तेथूनच शाई उतरते. पूर्वी या लेपात सर्रास बायक्रोमेट वापरले जाई. जिलेटिन आणि बायक्रोमेट यांचा प्रकाशाशी जमणारा हाच खेळ फाळके रतलामला शिकले होते. फक्त त्यांचा लेप कापडावर नव्हता, कागदावर होता.

परंतु ही विद्या हाती असूनही फाळक्यांचा जम लगेच बसला नाही. १८९५ मध्ये ते गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून गेले. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल दगावले. ते बडोद्यास परतले. छायाचित्र काढले की कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि आयुष्य कमी होते, अशी समजूत तेव्हा लोकांत होती. तिच्यापायी धंदा बसला. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्याचे कामही त्यांनी केले. बडोद्यात आलेल्या एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले आणि फाळके हे आडनाव उलटे फिरवून प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोग करू लागले. आडनाव उलटे वाचण्याची कल्पना आरशातली अक्षरे रोज हाताळणाऱ्या मुद्रकालाच सुचावी, असे कोणाला वाटले तर ते अगदीच चूक म्हणता येणार नाही. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातील गिरिजा करंदीकर सरस्वतीबाई फाळके झाल्या. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून सरकारी नोकरीही मिळाली. पगार होता, मान होता, स्थैर्य होते. वंगभंगानंतरच्या स्वदेशीच्या वाऱ्यात फाळक्यांनी ती नोकरी सोडली.

१९०६ च्या सुमारास लोणावळ्यात त्यांनी फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स उभा केला. भागीदार होते रा. गो. भांडारकर. जागेची निवड सहेतुक असावी. जवळच मळवलीला रविवर्म्यांच्या नावाचा प्रसिद्ध छापखाना होता. राजा रविवर्मा आणि त्यांचे बंधू राज राज वर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात सुरू केलेला हा छापखाना पुढे मळवलीला हलला आणि आर्थिक ओढाताणीत फ्रिट्झ श्लाइखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची जी रंगीत चित्रे महाराष्ट्राच्या घराघरांत चौकटीत बसून भिंतीवर गेली, ती या छापखान्याची. ती दगडावरून, म्हणजे लिथो पद्धतीने छापली जात. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे आणि एका चित्राला अनेक दगड लागत. दगडावर चित्र उलटे काढावे लागते; शिवाय मूळ तैलचित्रातील रेषा न् रेषा हाताने उतरवणे फार वेळखाऊ.

येथे फाळक्यांच्या विद्येला मोल आले. छायाचित्राच्या साहाय्याने जिलेटिनच्या कागदावर चित्र उतरवायचे, प्रकाश लागलेल्या भागावर तेलकट शाई धरायची, बाकीचा भाग पाणी पिऊन शाई नाकारतो; मग तो कागद दगडावर पालथा दाबायचा. चित्र आपोआप उलटे उमटते आणि दगड छपाईस सिद्ध होतो. या ट्रान्सफर लोणावळ्यात फाळके तयार करत आणि मळवलीच्या छापखान्याला पुरवत. रविवर्म्यांच्या देवतांचे चेहरे, दागिने, साड्यांचे काठ, मागचे डोंगर आणि कमळे हे सारे महिनोन्महिने त्यांच्या भिंगाखालून जात होते. पुढे त्यांच्या चित्रपटांतले देव रविवर्म्यांच्या चित्रांतून उतरल्यासारखे दिसतात, असे कलासमीक्षकांनी अनेकदा म्हटले आहे. ते साम्य केवळ आवडीतून आलेले नाही. ज्याने ती चित्रे रंगारंगांत सुटी करून पुन्हा जुळवली, त्याच्या डोळ्यांत ती मुरलेली असणारच.

काम वाढले. ट्रान्सफरच्या जोडीला हाफटोन ब्लॉक आणि तिरंगी छपाईही सुरू झाली आणि छापखाना मुंबईला दादरला आणण्यात आला. १९०८ मध्ये भांडारकरांच्या जागी पुरुषोत्तम मावजी हे धनिक कलाप्रेमी भागीदार झाले आणि संस्थेला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स हे नाव मिळाले. त्या काळात भारतात उत्तम रंगीत छपाई म्हणजे विलायती माल, हे समीकरण रूढ होते. ते मोडायचे तर यंत्रेही तशीच हवीत, म्हणून १९०९ मध्ये फाळके जर्मनीला गेले. रंगीत छपाईची यंत्रसामग्री त्यांनी स्वतः पाहून खरेदी केली. परतल्यावर लक्ष्मी आर्ट प्रिंटिंगच्या कामाचा दर्जा सर्वत्र वाखाणला जाऊ लागला. त्र्यंबकच्या शास्त्र्यांचा मुलगा देशातील नामवंत मुद्रकांत गणला जाऊ लागला होता.

नेमक्या याच वेळी भागीदारीत वितुष्ट आले. छापखाना कसा चालवावा, यावरून मतभेद होते. पैसा लावणारा एक आणि कसब लावणारा दुसरा, अशा भागीदारीत हा पेच कधीतरी येतोच. कसबी माणसाला काम शंभर टक्के उतरेपर्यंत यंत्र सुरू करवत नाही. पैसा लावणाऱ्याला थांबलेले यंत्र पाहवत नाही. दोघांपैकी कोणाचे चुकले हे आज ठरवण्यात अर्थ नाही. फाळके मात्र एकही पैसा न घेता बाहेर पडले. त्यांच्यासाठी नवा छापखाना काढून द्यायला लोक पुढे आले होते, तेही त्यांनी मानले नाही. वयाची चाळिशी उलटलेली, घरात मुले, आणि वीस वर्षे ज्या विद्येवर पोट भरले ती वापरायची नाही असा जणू निश्चय. हा स्वाभिमान होता की हट्ट? त्यांच्या पुढच्या आयुष्यात दोन्हींचे दाखले मिळतात.

त्या रिकाम्या दिवसांत, १९११ च्या ईस्टरच्या सुमारास (काही जण नाताळ म्हणतात), गिरगावातील एका तंबूच्या चित्रपटगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. त्यानंतर रोज चित्रपट पाहणे, पट्ट्या तपासणे, घरी प्रयोग करणे असे वेड लागले. झोप कमी, ताण जास्त. त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली होती. औषधोपचाराने ती परतली. ज्याची सारी उपजीविका डोळ्यांवर उभी होती, त्याच्या घरात ते दिवस कसे गेले असतील याची कल्पना करवत नाही. दृष्टी येताच त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून पैसा उभा केला, फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा, पट्टीला भोके पाडण्याचे यंत्र व कच्ची फिल्म यांची तजवीज करून ते दोन महिन्यांत परतले.

दोन महिन्यांत चित्रपट कसा करायचा हे कोणी शिकत नाही. फाळके शिकू शकले, कारण नवे फार थोडे होते. भिंग, प्रकाश, रसायने, अंधारी खोली, निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह काढणे हे सारे त्यांना पाठ होते. पट्टीच्या कडेची भोके समान अंतरावर पडली नाहीत तर चित्र पडद्यावर थरथरते, हे रंगांची जुळणी केसाच्या अंतराने सांभाळणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. कच्च्या फिल्मला रात्री अंधारात भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी शिकून घेतले. पट्ट्या धुणे, रसायने तयार ठेवणे, चित्रीकरणाच्या वेळी पांढऱ्या चादरी धरून प्रकाश वळवणे आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक हेही त्यांनीच केले. कुंडीतल्या वेलाची वाढ टिपणारी चिमुकली फिल्म आधी झाली, ती पाहून भांडवल मिळाले. मग दादरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रीकरण सुरू झाले. दत्तात्रेय दाबके हरिश्चंद्र झाले. स्त्रीभूमिकेला स्त्री मिळेना म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके तारामती झाले. रोहिदासाचे काम थोरल्या भालचंद्राने केले. सुमारे सात महिन्यांत ३,७०० फुटांचे चित्र पुरे झाले.

पुढचा भाग सर्वश्रुत आहे. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, १९१७ चा ‘लंकादहन’, कन्या मंदाकिनी हिने बालकृष्ण साकारलेला १९१९ चा ‘कालिया मर्दन’. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, आणि तेथेही दादरच्याच कहाणीची पुनरावृत्ती झाली. खर्च, वेळ, कामगारांवरची हुकमत यांवरून भागीदारांशी खटके उडाले. फाळके सारे सोडून काशीला गेले, तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. काही वर्षांनी परतले. पण तोवर धंद्याची सूत्रे इतरांच्या हाती गेली होती. बोलपट आल्यावर ‘सेतुबंधन’ला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ चा ‘गंगावतरण’ कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला. तो त्यांचा पहिला आणि शेवटचा संपूर्ण बोलपट.

भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी हा वृद्ध माणूस समारंभात जवळजवळ अनोळखी होता. व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन मदत जमवली आणि त्यातून नाशिकला त्यांच्यासाठी घर झाले. तेथेही ते स्वस्थ नव्हते. महायुद्धामुळे चित्रपट काढायला सरकारी परवाना लागत असे. त्र्याहत्तर वर्षांच्या फाळक्यांनी तो मागितला. नकाराचे पत्र फेब्रुवारी १९४४ मध्ये हाती पडले आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ फेब्रुवारीला, नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

‘राजा हरिश्चंद्र’चे काही भाग आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, ते १९१३ चे की १९१७ मध्ये पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीचे, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. मात्र तेथे छापलेली चित्रे अजून पुष्कळ घरांत, देव्हाऱ्याशेजारी किंवा माजघराच्या भिंतीवर, पिवळसर काचेमागे टिकून आहेत.